बॅनरवर 'मर्दांची चळवळ' लिहिणाऱ्या भावांना खुलं पत्र

भावांनो, जय भीम.

आपल्या कार्यक्रमाच्या बॅनरचं डिझाईन ग्रुपवर आलं ते बघितलं. काळं जॅकेट, तिरकी काळी टोपी, वर उचललेली मूठ, मधे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर पार्टीचा ह्युई न्यूटन त्या वेताच्या मोठ्या खुर्चीत बंदूक आणि भाला घेऊन बसलेला, शेजारी आपले दलित पँथरवाले ढसाळ, ढाले, ज. वि. पवार, आणि खाली ठसठशीत अक्षरात 'ब्लॅक पँथर ते दलित पँथर : मर्दांची चळवळ'. डिझाईन भारी झालंय, ज्याने केलं त्याला माझ्याकडून नाश्ता. पण त्या शेवटच्या ओळीबद्दल मी विचारलं तर उत्तर आलं, ताई तो बायकांचा विषय आपण आठ मार्चला वेगळा घेऊ, आणि त्याखाली धडाधड अंगठे. म्हणून हे पत्र सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण पर्सनलवर तुम्ही 'हो ताई, बरोबर ताई' म्हणता आणि बॅनर तसाच छापायला जातो.

पहिली गोष्ट, मी बायकांचा विषय काढलाच नव्हता, पुरुषांचा काढला होता. मर्द कोणाला म्हणायचं हे कोणी ठरवलं, आणि ज्याला शेकडो वर्षं मर्द सोडा, माणूस म्हणून पण धरलं नाही त्याने ते परत मिळवायचं तर कोणाच्या मापाने, हा प्रश्न अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी आपापसात किती वर्षं भांडून, लिहून, संघटना फोडून, पुन्हा जोडून लावून धरलाय. आपण त्यांच्याकडून नाव घेतलं, मूठ घेतली, टोपी पण घेतली. हे घरातलं भांडण मात्र तिकडेच ठेवून आलो. आता त्यांच्यावर कार्यक्रम घेताय तर तेही आणा, एवढंच मागणं आहे.

आपली नाळ जुनीच आहे, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. जोतिबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामगिरी संपवणाऱ्यांना. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियात गेले, न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या हार्लेम वस्तीच्या अगदी लगत, आणि १९४६ ला त्यांनी तिथले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून विचारलं की तुमच्या लोकांनी युनोकडे जो अर्ज केलाय त्याची प्रत मिळेल का. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात ब्लॅक पँथरचं नाव घेऊन त्यांच्याशी नातं सांगितलंय. आणि त्याच जाहीरनाम्यात दलित कोण हे सांगताना स्त्रियाही धरल्यात, पण ती ओळ आपल्या कुठल्याच बॅनरवर मी अजून पाहिलेली नाही, असो.

आता तिकडचं बघू. व्हर्जिनियात १६६२ ला कायदा झाला की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरणार. वरवर वाटतं वा, आईला मान! मान कसला, मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली तरी होणारं पोर त्याच्याच मालमत्तेत जमा व्हावं म्हणून केलेली ती सोय होती. आणि त्याच कायद्याने काळ्या पुरुषाचं बाप असणं पण कागदावरून पुसलं गेलं. त्याच्या लग्नाला कायद्यात किंमत नाही, बायको विकली तर तो काही करू शकत नाही, पोरांना फटके मारले तर त्याने बघत उभं राहायचं. साठीचा म्हातारा झाला तरी गोरं पोरगं त्याला 'बॉय' म्हणून हाक मारणार. आपल्या आज्या-पणज्यांनी, पाटलाच्या कारट्याने आजोबांना एकेरी हाक मारलेली ऐकली आहे, त्यामुळे हे मला तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

१८६५ ला गुलामगिरी संपली तेव्हा त्या पुरुषांनी पहिलं काय केलं माहितीय का? बायका-पोरं शोधायला निघाले. शेकडो मैल चालत. वर्तमानपत्रात जाहिराती दिल्या, की माझी बायको अमक्या साली अमक्या मालकाने अमक्याला विकली, मुलं एवढी होती, कोणाला ठावठिकाणा माहीत असेल तर कळवा. चर्चमधे या जाहिराती मोठ्याने वाचून दाखवायचे कारण बहुतेकांना वाचता येत नव्हतं, आणि युद्ध संपून कित्येक वर्षं उलटली तरी त्या छापून येतच राहिल्या. मला विचाराल तर मर्दपणावर एक फोटो लावायचाच असेल तर त्या जाहिरातीचा लावा. पण तो आपल्याला सुचत नाही, आपल्याला बंदूकच सुचते.

आणि बंदूक का सुचते हे पण मला कळतं, मी काही वेडी नाही. फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामीतून पळालेला माणूस, त्याने १८६३ ला काळ्या पुरुषांना सैन्यात या म्हणून हाक दिली, त्याची स्वतःची दोन पोरं ५४ व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटमधे गेली. जवळपास १ लाख ८० हजार काळे सैनिक त्या यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेविरुद्ध उत्तरेच्या बाजूने लढले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि यांना १०, त्यातले पण ३ कपड्यांचे कापून ७ हातात, तर ५४ व्या रेजिमेंटने पगारच नाकारला, फुकट लढू पण कमी पगार घेणार नाही म्हणाले, आणि १८६४ ला सरकारला समान पगार द्यावा लागला. आपल्याकडे गोपाळबाबा वलंगकरांनी १८९० च्या दशकात इंग्रजांकडे हेच मागितलं ना, महारांना पुन्हा पलटणीत घ्या, आमचे बापजादे लढलेत. कोरेगावच्या खांबावरची नावं वाचताना तुमच्या अंगावर काटा येतो तसाच माझ्याही येतो. ज्याला भित्रा, नीच, कमअस्सल म्हटलं त्याने शस्त्र धरून दाखवणं, यात गैर काहीच नाही. पण डग्लस हाच माणूस १८४८ ला सेनेका फॉल्सला बायकांच्या हक्काच्या परिषदेत जाऊन बसला होता आणि बायकांना मतदान पाहिजे या ठरावाच्या बाजूने उभा राहून बोलला होता, हेही मग सांगा. एकाच माणसाच्या अंगात दोन्ही मावत होतं.

मग लिंचिंग, म्हणजे जमावाने धरून जीव घेणं. काळा पुरुष म्हणजे गोऱ्या बाईवर टपलेला राक्षस, ही गोष्ट रचून हजारो माणसं झाडाला टांगली. ती गोष्ट खोटी आहे हे पुराव्यानिशी पहिल्यांदा कोणी मांडलं? आयडा बी. वेल्स, एक बाई, वय तीसच्या आत. १८९२ ला मेंफिसमधे तिच्या ओळखीच्या तीन जणांना जमावाने मारलं, का तर त्यांचं किराणा दुकान गोऱ्याच्या दुकानाला भारी पडत होतं. तिने मग एकेक केस काढून लिहायला सुरुवात केली की बलात्काराचा आरोप हा बहाणा असतो, खरं कारण धंदा, जमीन, मतदान किंवा आपखुशीने जुळलेलं प्रेम असतं. तिचा छापखाना फोडला, पुन्हा शहरात आलीस तर मारू म्हणून धमक्या आल्या, तरी ती थांबली नाही. १९५५ ला एमेट टिल, १४ वर्षांचा पोरगा, शिकागोहून मिसिसिपीत नातेवाइकांकडे सुट्टीला आलेला, दुकानातल्या गोऱ्या बाईशी सलगी केली असं म्हणून त्याला घरातून उचलून नेऊन मारला. त्याच्या आईने, मॅमी टिलने, शवपेटी उघडी ठेवली, या आणि बघा माझ्या पोराचं काय केलंय. आपल्या खर्ड्याचा नितीन आगे आठवा, १७ वर्षांचा, २०१४, शाळेतून ओढून नेला, कारण मुलीशी बोलतो. आणि २०१७ ला कोर्टात सगळे सुटले. जातीला आणि वर्णाला आपल्या पोरांचं तारुण्यच खपत नाही, एवढी ही दोन प्रकरणं सारखी आहेत.

हे मी अशासाठी सांगतेय की काळ्या पुरुषाच्या जिवासाठी सगळ्यात पुढे कोण उभं राहिलं ते बघा. वेल्स. मॅमी टिल. २०१३ ला ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर सुरू केलं त्या तिघी बायकाच. या बायका जेव्हा आपल्या माणसांना म्हणतात की अरे तुमचं पण काहीतरी चुकतंय, तेव्हा त्यांना 'चळवळ फोडतायत' म्हणायचा हक्क कोणाला आहे?

मेंफिसचाच अजून एक विषय, आणि हा कार्यक्रमात पाहिजेच, आपल्यातल्या अर्ध्याअधिक घरांत कोणी ना कोणी सफाई खात्यात होतं किंवा आहे. १ फेब्रुवारी १९६८, पाऊस पडत होता, दोन काळे सफाई कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, कचरागाडीच्या मागच्या भागात आडोशाला बसले आणि कचरा दाबायचं मशीन आपोआप चालू होऊन दोघं त्यात चिरडले. त्यानंतर १३०० कामगार संपावर गेले. गळक्या टबातून डोक्यावर कचरा वाहायचा, अंगावर घाण गळणार, मुकादम 'बॉय' म्हणणार, आणि एवढं करून पगार असा की पूर्ण वेळ काम करून पण सरकारी मदतीवर घर चालायचं. ते रांगेने निघाले तेव्हा प्रत्येकाच्या गळ्यात एकच पाटी होती, 'आय अ‍ॅम अ मॅन'. समोर संगिनी लावलेले सैनिक. मार्टिन ल्यूथर किंग त्याच संपासाठी मेंफिसला आलेले आणि ४ एप्रिलला लोरेन मोटेलच्या गॅलरीत त्यांना गोळी घातली. त्या पाटीवाल्यांनी कोणाला मारलं नव्हतं, बायकोला धाकात ठेवतो म्हणून पाटी घातली नव्हती. त्यांना युनियन पाहिजे होती, पगार पाहिजे होता आणि पावसात बसायला धड जागा पाहिजे होती.

पण मग भानगड कुठे झाली? तर १९६५ ला मजूर खात्यातल्या मॉयनिहान नावाच्या अधिकाऱ्याने एक रिपोर्ट लिहिला. त्याला नोकऱ्या द्या असंच म्हणायचं होतं म्हणे, पण त्यात त्याने लिहिलं की काळ्या कुटुंबाचा घोळ असा आहे की तिथे बायकांचं राज्य आहे, पुरुष खाली दबलाय. म्हणजे बघा हां, पोरं विकली कोणी, झाडाला टांगलं कोणी, नोकरी नाकारली कोणी, घर भाड्याने दिलं नाही कोणी, आणि दोष कोणाचा तर भांडी घासून घर चालवणाऱ्या बाईचा, ती जास्त खंबीर झाली म्हणून! आणि वाईट याचं वाटतं की आपल्याच चळवळीतल्या बऱ्याच पुरुषांना ते पटलं. ('आपल्याच' लिहिलं गेलं, राहू दे.) सरकार काय म्हणतं त्यावर एरवी काडीचा विश्वास नसणारी माणसं, पण बायकोने दोन पावलं मागे राहिलं तर समाज पुढे जाईल हे मात्र लगेच पटलं.

आता तुमच्या बॅनरवरच्या फोटोकडे येते. तो फोटो १९६७ चा, त्याची मांडणी एल्ड्रिज क्लीव्हरची, पार्टीचा प्रचार प्रमुख. याच क्लीव्हरने पुढच्या वर्षी आलेल्या पुस्तकात लिहिलंय की मी गोऱ्या बायकांवर बलात्कार केले, ते बंड होतं असं मला वाटायचं, आणि त्याआधी सराव म्हणून आमच्याच वस्तीतल्या काळ्या बायकांवर केले. सराव म्हणून. पुढे तिथेच तो म्हणतो की मी चुकलो, पण पुस्तक गाजलं, मोठमोठ्या गोऱ्या समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, आणि त्या सराव झालेल्या बायकांचं नाव कोणाला माहीत नाही. बंड मालकाविरुद्ध आणि मोजमाप मालकाचंच, तो आमच्या बायका वापरतो तर मी त्याच्या वापरणार, मधे जी भरडली जाते तिचा हिशोब नंतर बघू. मर्दपणाचं हे टोक झालं, सगळे असे नव्हते, पण टोक कुठे जातं ते माहीत पाहिजे.

आणि खुद्द न्यूटन? हा माणूस मला झेपत नाही, खरं सांगते, आणि म्हणूनच तो पोस्टरपेक्षा मोठा आहे. १९६६ च्या ऑक्टोबरमधे ऑकलंडला त्याने आणि बॉबी सीलने पार्टी काढली. पोलिसांच्या गाडीमागे कायद्याचं पुस्तक आणि भरलेली बंदूक घेऊन फिरायचे. मे १९६७ ला तीसेक जण बंदुका घेऊन थेट सॅक्रामेंटोच्या विधानभवनात. हे सगळं तुम्हाला येतं. पण १५ ऑगस्ट १९७० ला त्याच न्यूटनने भाषण केलं की स्त्रीमुक्तीवाले आणि समलिंगी लोक आपले मित्र आहेत, आणि आपल्याला कधीकधी समलिंगी माणसाला ठोसा मारावासा वाटतो, बाईला गप्प करावंसं वाटतं, ते कशामुळे तर आपण आतून घाबरलेले असतो म्हणून, आपलं पुरुषपण हातातून जाईल अशी भीती. १९७० ला! तेव्हा गोऱ्या डाव्यांना पण हे बोलायला जड जात होतं. आज २०-२५ वर्षांच्या आपल्या पोरांनी ग्रुपवर एकमेकांना ज्या शिव्या घातलेल्या मी वाचते, त्यांनी आपल्या पोस्टरवरच्या हिरोचं हे भाषण एकदा वाचावं.

आणि हाच न्यूटन १९७७ ला क्यूबाहून परत आल्यावर काय झालं? पार्टीची शाळा सांभाळणाऱ्या एका बाईने एका पुरुष कार्यकर्त्याला, तू तुझं काम केलं नाहीस, म्हणून झापलं. तर पुरुषांनी तिला एवढी मारली की जबडा मोडला. एलेन ब्राउनने आत्मचरित्रात लिहिलंय की ती न्यूटनकडे गेली आणि कळलं की मारायला परवानगी त्यानेच दिली होती. ब्राउन म्हणजे कोण, तर न्यूटन पळून गेल्यावर १९७४ पासून तीन वर्षं सगळी पार्टी चालवणारी बाई. तिने पार्टी सोडली. भाषण पण खरं आणि जबडा पण खरा. मला वाटतं तुमच्या अभ्यासवर्गात तीन तास फक्त एवढ्यावर बोला, बाकी काही घेतलं नाही तरी चालेल.

बरं, ब्लॅक पँथरच्या कुठल्या गोष्टीने पोलिसांच्या पोटात सगळ्यात जास्त गोळा आला? बंदुकीने नाही. जानेवारी १९६९ ला ऑकलंडच्या एका चर्चमधे त्यांनी शाळेतल्या पोरांना सकाळचा फुकट नाश्ता सुरू केला, वर्षभरात देशभर हजारो पोरं खायला लागली. एफबीआयचा प्रमुख हूवर, त्याने मे १९६९ च्या सरकारी पत्रात लिहिलं की पार्टी संपवायच्या आपल्या प्रयत्नांना सगळ्यात मोठा धोका हा नाश्त्याचा कार्यक्रम आहे. पहाटे उठून अंडी फोडणारे, दूध तापवणारे, पोरांची दप्तरं बघणारे पुरुष पण होते तिथे, लेदर जॅकेटवाले, आणि बायका तर होत्याच, पार्टीचा मोठा हिस्सा बायकांचाच होता. कॅथलीन क्लीव्हरला सारखं विचारायचे की क्रांतीत बाईची जागा कोणती, तर ती म्हणायची, पुरुषाची जागा कोणती असं कोणी विचारत नाही. अंडं फोडणारा पँथर बॅनरवर टाका की एकदा, भारी दिसेल.

बायार्ड रस्टिनचं थोडक्यात सांगते. १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा, अडीच लाख लोक, किंगचं ते भाषण, त्या सगळ्याचं नियोजन या माणसाने केलं, बसेस, सँडविच, मुताऱ्या, माईक, सगळं. गांधींच्या नादाला लागलेला होता म्हणून तुम्हाला फार आवडणार नाही, ते सोडा. समलिंगी होता, लपवत नव्हता, म्हणून वर्षानुवर्षं चळवळीतल्याच पुढाऱ्यांनी त्याला मागे ठेवला, बाहेर कळलं तर आपली बदनामी होईल म्हणून. आणि त्याच मोर्चात मुख्य भाषणांत एकही बाई नव्हती, चळवळीतल्या डेझी बेट्सला जेमतेम दोन शब्द बोलू दिले. बदनामी, बदनामी. आपल्याकडे 'समाजाची बदनामी' म्हणतात तेच हे.

या बदनामीचा सगळ्यात मोठा तमाशा १९९१ ला झाला. क्लॅरेन्स थॉमस, काळा न्यायाधीश, सुप्रीम कोर्टात जायला निघालेला. अनिता हिल, कायद्याची प्राध्यापक, तीही काळी, तिने सिनेटसमोर सांगितलं की मी याच्या हाताखाली काम करताना याने माझा लैंगिक छळ केला. समोर बसलेले सगळे गोरे पुरुष. तर थॉमसने काय म्हणावं? हे माझं हाय-टेक लिंचिंग चाललंय. एमेट टिलच्या मढ्यावरचा शब्द उचलून त्याने स्वतःची ढाल केली, आणि ती पण एका काळ्या बाईविरुद्ध, जिच्यासाठी कोणी कधी कोणाला टांगलं नव्हतं. ५२ विरुद्ध ४८ ने तो निवडून गेला, अजून तिथेच आहे. काळ्या समाजातच किती लोक हिलवर चिडले, की बाई खरं असेल गं पण गोऱ्यांसमोर कशाला. मग नोव्हेंबरमधे १६०३ काळ्या बायकांनी वर्गणी काढून न्यूयॉर्क टाइम्समधे सह्यांनिशी पानभर जाहिरात दिली, की आमच्या इतिहासाचा असा वापर आम्हाला मान्य नाही.

भावांनो, 'गोऱ्यांसमोर कशाला' हे वाक्य आपल्याकडे कसं म्हणतात ते मला सांगायला लावू नका. मागे आपल्याच एका मंडळातल्या पोरीने तक्रार केली तेव्हा, सवर्ण मीडिया टपून बसलाय, आत्ता नको, निवडणूक होऊ दे, असं म्हणणारे आजही स्टेजवर पहिल्या रांगेत असतात. अॅट्रॉसिटीचा खोटा आरोप केला असं जेव्हा आपल्याला म्हणतात तेव्हा आपलं रक्त उकळतं, आणि मग आपलीच पोरगी काही बोलली की आपला पहिला शब्द 'खोटं' हाच कसा येतो?

बोस्टनमधल्या काळ्या बायकांचा एक छोटा गट होता, कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह. नाव ठेवलं ते हॅरिएट टबमनवरून, तिने १८६३ ला त्या नदीवर धाड घालून ७०० पेक्षा जास्त गुलाम सोडवले होते. १९७७ च्या त्यांच्या निवेदनाचा गाभा असा की आम्ही काळ्या पुरुषांपासून वेगळ्या होणार नाही, वर्णद्वेषाशी लढताना त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहू आणि पुरुषीपणाबद्दल त्यांच्याशीच भांडू. दोन्ही एकाच वेळी. मी या पत्रात तेच करतेय, त्यामुळे 'ताई सवर्ण फेमिनिस्टांच्या नादी लागली' हे टाइप करायच्या आधी जरा थांबा.

आणि हे काही बाहेरून आणलेलं नाही. फलटणच्या बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमुचं'मधे लिहून ठेवलंय की जगाने आम्हाला गुलाम केलं, सत्ता गाजवायची हौस आम्हालाही होती पण कोणावर गाजवणार, मग आम्ही घरातच गुलाम शोधले, आमच्या सुना. ढसाळांच्या पत्नी मल्लिका अमर शेखांनी १९८४ ला आत्मचरित्र लिहिलं, ढसाळांच्या घरात राहून काय भोगलं ते, आणि त्यांच्या कवितेवरचं प्रेम पण त्याच पानांत आहे. मी ढसाळांची कविता आजही वाचते, वाचत राहणार. मल्लिकांचं पुस्तक बाजूला ठेवून मात्र वाचता येत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव म्हाताऱ्या बायकांना भेटल्या तेव्हा कुठे कळलं की आंबेडकरी लढ्यात किती बायका होत्या, ते पण १९८९ ला पुस्तक आलं तेव्हा. आणि २० जुलै १९४२ ला नागपूरला, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या त्या परिषदेत, बाबासाहेब बायकांना म्हणाले की नवऱ्याची मैत्रीण व्हा, गुलाम व्हायला नकार द्या. हे वाक्य आपण बायकांना उद्देशून म्हणून वाचतो. त्यात नवऱ्यालाही काम दिलंय ना.

मी नर्स आहे, त्यामुळे शेवटी माझ्या वळणावर येणारच. पुरुष वॉर्डला कधी येतात? पडल्यावर. छातीत दुखतंय हे घरी सांगत नाहीत, बीपीची गोळी म्हणजे कमजोरी, रडणं म्हणजे बायकी, पिणं म्हणजे मर्दानी, आणि पंचेचाळिशीत स्ट्रोक. मग त्याला भरवायला, पुसायला, कूस बदलायला तीच बायको, जिला कालपर्यंत अक्कल नव्हती. अमेरिकेतल्या काळ्या पुरुषांचं पण हेच, शिवाय दवाखान्यावर विश्वास नाही, आणि का असावा, टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या काळ्या पुरुषांना औषध न देता फक्त बघत बसलेलं सरकार आहे ते. तर लॉस एंजलिसमधे डॉक्टरांनी डोकं लावलं. माणूस दवाखान्यात येत नाही ना, मग तो कुठे जातो? न्हाव्याकडे. तिथे तो बसतो, बोलतो, हसतो, पोराचं टेन्शन सांगतो. ५२ सलून घेतली, ३१९ काळे पुरुष, सगळ्यांचं बीपी वाढलेलं. काही सलूनमधे न्हाव्याने नुसतं डॉक्टरकडे जा म्हणून सांगायचं, आणि बाकीच्यांत फार्मासिस्ट तिथेच येऊन बीपी मोजून औषध सुरू करायचा. सहा महिन्यांत फार्मासिस्टवाल्यांचं वरचं बीपी सरासरी २७ ने उतरलं, नुसत्या सल्लावाल्यांचं ९ च्या आसपास. २०१८ ला छापून आलंय. यात कोणी कोणाच्या मर्दपणावर लेक्चर दिलं नाही, खुर्ची तीच, माणूस तोच, फक्त तिथे स्वतःची काळजी घेणं लाजिरवाणं राहिलं नाही. आपल्या वस्तीत सलून आहेत, बुद्धविहार आहे, कट्टा आहे. जयंतीच्या डीजेच्या वर्गणीतून बीपीची किती मशीन येतील ते खजिनदाराने सांगावं.

अजून एक, बापांबद्दल. काळा बाप म्हणजे पळून जाणारा बाप, असा तिकडे टीव्हीने आणि पुढाऱ्यांनी शिक्का मारलाय. तर अमेरिकन सरकारच्याच आरोग्य आकडेवारी खात्याने २०१३ ला रिपोर्ट काढला, त्यात पाच वर्षांखालच्या पोरांसोबत राहणाऱ्या बापांना विचारलं की रोज पोराला अंघोळ घालणं, कपडे घालणं, लंगोट बदलणं करता का. काळ्या बापांत ७० टक्के रोज करणारे, गोऱ्यांत ६०. ही बातमी तुमच्या फीडमधे कधी येणार नाही, कारण अंघोळ घालणारा बाप व्हायरल होत नाही. आपल्याकडे असा सर्व्हे घेतला तर? मी आकडा सांगत नाही. हात वर करा म्हटलं तर कोण कोण करेल ते तुमचं तुम्हाला माहितीय, आणि जे खरंच करतात, आपल्या ग्रुपमधे आहेत तसे काही, ते पण मित्रांसमोर हात वर करणार नाहीत, ही खरी भानगड आहे.

तर आता कामाचं. 'मर्दांची चळवळ' ही ओळ काढा. फोटोत एलेन ब्राउन घ्या, आणि मेंफिसच्या पाटीवाल्या कामगारांचा फोटो घ्या, न्यूटन राहू दे. दुपारच्या सत्रात न्यूटनचं १९७० चं भाषण मराठीत वाचायचं, भाषांतर आपल्या इंग्रजीवाल्या पोरांनी करायचं, आणि त्यावर बोलायला बायका बोलवू नका. तुम्ही बोला. पुरुषांनी पुरुषांसमोर, माईकवर. आम्ही खाली बसून ऐकतो. चहा-नाश्त्याची कमिटी या वेळी पोरांची, पन्नास कप धुवायला काय लागतं ते पण कळेल. विहाराच्या हॉलची परवानगी आणि बीपीच्या मशीनचं मी बघते, माझ्या ओळखीचे दोन फार्मासिस्ट आहेत, त्यातला एक तर यायला तयारच आहे.

प्रिंटिंगवाल्याला फाईल शुक्रवारी द्यायची आहे म्हणे, म्हणजे गुरुवार रात्रीपर्यंत वेळ आहे. नाही पटलं तर का नाही पटलं ते ग्रुपवरच लिहा. पर्सनलवर आलेलं उत्तर मी वाचणार नाही.

तुमची ताई